नाना ओळख दाखवत नाहीत

मच्छिंद्रनानांना जो मान होता तो जमिनीमुळे नव्हता. विश्रांतवाडीत जमीन पुष्कळांची होती आणि पुष्कळांची बिल्डरला गेली होती. त्यात मान मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. नानांचा मान माइकमुळे होता. आळंदी रस्त्यावरच्या कुठल्याही लॉन्सवर लग्न असलं की अक्षता पडायच्या आधी माइक नानांच्या हाती जाई आणि वऱ्हाडाचं शब्दसुमनांनी स्वागत सुरू होई. या भागात लग्न वेळेवर लागत नाही याचा दोष लोक उगाच भटजींना देतात. फाटकातून येणाऱ्या प्रत्येक वजनदार माणसाचं नाव पदासकट लाउडस्पीकरवर यावंच लागतं. 'माजी सरपंच', 'विकास सोसायटीचे विद्यमान संचालक', 'युवकांचे आशास्थान', आणि ज्याला कसलंच पद नाही तो 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. ज्याचं नाव राहिलं तो न जेवता घरी जातो, आणि उरलेलं आयुष्य ते सांगण्यात घालवतो.

नानांच्या हातून कधी कुणी राहिला नव्हता. त्यांना कागद लागत नसे. माणूस गाडी लावून पहिल्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं नाव, गाव, पद आणि कुणाचा कोण हे सगळं हवेत घुमत असे. निव्वळ चेहरा बघून. अशा माणसाच्या बाबतीत पुढं जे घडलं त्याला दैव म्हणावं की चावटपणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

थंडीतली एक सकाळ. नानांचं डोकं उजव्या बाजूनं ठणकू लागलं, उलटी झाली, खोली कलंडल्यासारखी वाटली. "पित्त," असा निर्णय बायकोनं, मैनाबाईंनी दिला आणि कोकमाचं सरबत पाजून त्यांना निजवलं. संध्याकाळी जाग आली तेव्हा एक बाई चहा घेऊन उभी होती. नानांना वाटलं, पाहुणी आलीय; ते सावरून बसले. तेवढ्यात पाहुणी म्हणाली, "घ्या की, निवतोय चहा. का आता फुंकून बी मीच देऊ?" आवाज मैनाचा होता. नानांनी पुन्हा बघितलं. नाक होतं, नाकात चमकी होती, डोळे होते, कपाळावर कुंकू होतं. सगळा ऐवज जागच्या जागी होता. फक्त मैना नव्हती. नाना मुकाट्यानं चहा प्यायले आणि याची वाच्यता कुणाकडे करायची नाही असं त्यांनी कप खाली ठेवतानाच ठरवून टाकलं.

मग सुरू झाली लपवालपवी. नाना माणसं चपलांवरून, खोकल्यावरून, गाडीच्या आवाजावरून आणि पोटाच्या घेरावरून ओळखू लागले. घरातली पुतवंडं उंचीवरून. टीव्हीवरच्या मालिकेतल्या साऱ्या सुना त्यांना एकच बाई वाटू लागल्या. पण ते मैनाबाईंनाही वाटायचं, त्यामुळे तिथं निभावलं. माइक मात्र सोडावा लागला. "घसा बसलाय," असं नाना सांगत. घसा इतके महिने बसून राहिला की लोक ज्येष्ठमधाच्या कांड्या आणून देऊ लागले, आणि नाना त्या देणाऱ्याच्या चपलांकडे बघत घेऊ लागले.

रस्त्यात मात्र फजिती टळेना. समोरून जन्माचा दोस्त यावा, त्यानं हात वर करावा, आणि नानांनी खांबाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघून पुढं जावं. लोकांनी निदान करायला वेळ लावला नाही. "माज," लोक म्हणाले. "बंगला झाला, आता कशाला ओळख दाखवतायत."

नानांच्या कानावर हे आलं, आणि त्यांना चक्क हायसं वाटलं. माज हा अब्रूदार आजार आहे. तो चांगल्या चांगल्या घरांत असतो, त्यानं सोयरिकी मोडत नाहीत, उलट वाढतात. पण 'डोक्याचं काहीतरी' म्हटलं की संपलं. नानांची एकुलती एक लेक शालू लग्नाची होती. लोणी काळभोरच्या संपतरावांच्या मुलाशी बोलणी चालू होती. दोघं पोरं इंजिनिअरिंगला एकत्र होती आणि त्यांनी आपसात आधीच ठरवलं होतं, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसल्याचं दोन्हीकडं ठरलं होतं. स्थळाची चौकशी करणारा माणूस शेत नंतर विचारतो. आधी आवाज खाली आणून विचारतो, "घरात कुणाला डोक्याचं वगैरे न्हाई ना?"

शालूला हे कळलं ते फ्लेक्समुळे. नानांच्या वाढदिवसाला चौकातल्या पोरांनी सिग्नल झाकणारा फ्लेक्स लावला होता. शालू गाडी चालवत होती, नाना शेजारी होते. गाडी थांबली. नानांनी वर बघितलं.

"कोण गं हा? थोबाड लईच उर्मट हाय."

शालू हसली. मग तिनं वळून बघितलं, तर नाना हसत नव्हते. ते खालचं नाव वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांची नजर फ्लेक्सवरून त्यांच्याच गुडघ्यांवर आली आणि तिथंच राहिली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"नाना," शालू म्हणाली, "आईला ओळखता का?"

"आवाजानं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शालूनं त्यांना शहरात मेंदूच्या डॉक्टर श्यामलाबाईंकडे नेलं. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ पेपरातल्या बातमीवर मोठ्यानं टीका करत होते. वाक्याच्या मध्येच ते थांबले. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. ओठ चाटल्यासारखे हलू लागले, बोटं शर्टाचं बटण चाळवू लागली. त्यांच्या पत्नीनं त्यांचा हात धरला आणि बस उशिरा आहे हे सांगावं तशा सुरात ती नानांना म्हणाली, "फिट आहे ही. आधी जळक्या रबराचा वास येतो म्हणतात, मग असे जातात. येतील आता." ते आले आणि उरलेली टीका त्यांनी पुरी केली. नाना त्या बाईच्या वतीनं लाजून फरशीकडे बघत बसले. चारचौघांत कुणी असं सांगतं?

श्यामलाबाईंनी मेंदूचा स्कॅन काढवून पाहिला, मग टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उचलला.

"मूठ वळा. अंगठा बाहेर, बोटांना चिकटून. हं. तो अंगठा म्हणजे टेम्पोरल लोब. दोन्ही बाजूंना एकेक, कानाच्या आतल्या अंगाला. ऐकलेलं तिथं उतरतं. बोललेल्याचा अर्थ बहुतेकांचा डावीकडे लागतो. आतल्या घडीत नव्या आठवणी पक्क्या होतात. बाहेरच्या त्या गृहस्थांचा बिघाड त्याच घडीजवळ आहे. तुमचं ते सगळं शाबूत आहे. तुमचं गेलंय ते उजवीकडे, तळाशी, ही वळी. चेहरा बघून माणूस ओळखण्याचं काम हिच्याकडे. तिथली रक्ताची एक बारीक वाट गुठळीनं बंद झाली. ते तुमचं पित्त."

नाना वळलेल्या मुठीकडे बघत म्हणाले, "म्हणजे मला वेड नाही?"

"नाही. तेवढी सबब तुम्हाला मिळणार नाही."

"डोळ्यांचा नंबर?"

"डोळे उत्तम. नाक दिसतं, मिशी दिसते. पाहुणे सगळे आलेत हो, ओळख करून देणाराच गैरहजर आहे."

बाईंना नानांच्या माइकबद्दल काहीच माहीत नव्हतं, तरी हे नानांना लागलं.

"परत येतं का?"

"काहींचं थोडं येतं. नाही आलं तर आवाजावर, चालीवर भागवायचं, जे तुम्ही करताच आहात. या गोळ्या पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून. आणि लोकांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"हेच. एका वाक्याचं काम आहे."

"लोक काय म्हणतील?"

"ते तुम्हाला ऐकू येईल. कान चांगले आहेत तुमचे."

गाडीत शालू म्हणाली, "संपतकाकांना आपण सांगू या. वारशानं येत नाही म्हणाल्या डॉक्टर."

"लगीन होऊ दे. मग सांगू."

"म्हणजे फसवून?"

"फसवणूक कसली? आजार मला हाय. तुला कुठं हाय?" नाना म्हणाले, आणि विश्रांतवाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खडकीला एक लग्न होतं. नाना गेले, जेवले, आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबांचा फोन. गेनबा म्हणजे या सोयरिकीतला मध्यस्थ. दोन्ही घरांचा लांबचा पाहुणा आणि दोन्ही घरांत जवळचा जेवणारा.

"नाना, काय केलं हे? काल व्याही हात जोडून म्होरं हुबं, आन् तुम्ही भिताडाकडं बघावं तसं बघून निघून गेला म्हणं! व्याही पेटल्यात. म्हणत्यात, आत्ताच अशी तऱ्हा, तर लगीन झाल्यावर पायपुसनं करतील."

"गर्दी होती हो गेनबा," नाना म्हणाले.

"गर्दी असू द्या न्हाईतर वादळ. आता साखरपुड्याला व्याहीभेट अशी जोरात करा की मागचं समदं धुऊन निघालं पायजे. उचला चांगलं!"

व्याहीभेट म्हणजे दोन्हीकडच्या बापांनी सगळ्यांसमोर गळ्यात गळा घालायचा. त्यात एकानं दुसऱ्याला जमिनीवरून उचलायचीही रीत आहे. जितका उंच उचलला तितकी सोयरीक घट्ट असं धरतात, आणि मग पाठीला तेल चोळत बसतात.

साखरपुड्याच्या दिवशी नाना अभ्यास करून लॉन्सवर आले होते. संपतरावांच्या मिशा पांढऱ्या, टोकं वर वळलेली. अंगात नेहरू शर्ट. शालूनं तीनतीनदा घोकून घेतलं होतं. "मी मागं उभी राहून सांगते ना हळूच," असंही ती म्हणाली होती. "नवरी मुलगी बापाच्या कानात कुजबुजत उभी राहिली तर लोक काय समजतील?" असं म्हणून नानांनी ते उडवून लावलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात राहिली नव्हती. कुणाला कमीजास्त वाटू नये म्हणून झाडून सगळ्या पुरुषांना एकाच रंगाचे फेटे बांधायचे, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. फेटे बांधून झाले तेव्हा मंडपात नानांच्या दृष्टीनं एकच माणूस शेकडो जागी उभा होता. सनई-चौघडा इतका जवळ वाजत होता की आवाजावरूनही कुणी सापडण्यातलं नव्हतं.

माइकवरून पुकारा झाला, "आता व्याहीभेट!"

नानांना समोर पांढऱ्या, टोकं वळलेल्या मिशा दिसल्या. खाली नेहरू शर्ट. नाना धावले. खडकीचं सगळं धुऊन काढायचंच या जिद्दीनं त्यांनी त्या गृहस्थाला मिठी मारली आणि कंबरेत धरून असा उचलला की त्याच्या चपला गळून पडल्या. "आजपास्नं आपलं एक घर!" नाना गर्जले. घसा बसल्याचं ते विसरले होते.

मिशा त्यांच्या कानाशी आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "नाना, खाली ठेवा. मी भैरू. फेटेवाला."

फेटेवाला नमुन्याचा पहिला फेटा स्वतःच्याच डोक्याला बांधतो. मिशाही धंद्याला शोभतील अशा ठेवतो. नानांनी त्याला हळूच खाली ठेवलं. शेजारी, हातभर अंतरावर, दुसरे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे होते. ते हात आता हळूहळू खाली येत होते. चौघडा आधी गडबडला आणि मग थांबला. मोबाइल मात्र वर धरलेलेच राहिले.

"नानांची गंमत!" गेनबा ओरडले. "नाना पयल्यापास्नं गमत्ये!" चार माणसं हसली. हसणं जमेना म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

"गंमत?" एक आवाज आला. "मग खडकीला बी गंमतच व्हय?"

सुटायची वाट उघडी होती. 'गंमत केली' म्हणायचं, पाय धरायचे, पुन्हा मिठी मारायची. पण कुणाला? आवाज लाउडस्पीकरच्या घोंगाटात इकडून आला की तिकडून, ते नानांना कळेना. हात पसरणारा माणूस गर्दीत मागं सरकला होता आणि त्या जागी तसल्याच फेट्यांची रांग होती. पुन्हा एखाद्या भलत्याचेच पाय धरले असते. नानांनी त्या रांगेवरून नजर फिरवली.

"संपतराव," ते म्हणाले, "तुम्ही यातलं कोण? जरा हात वर करता?"

"आता मात्र लई झालं," मागून कुणीतरी म्हणालं.

"खरंच कळत न्हाई मला," नाना म्हणाले. "तुम्हीच न्हाई, कुणीच कळत न्हाई. मैना बी न्हाई, शालू बी न्हाई. डोक्याचं हाय माझ्या. हितं." आणि त्यांनी उजव्या कानावरचा फेटा वर सारून ती जागा दाखवली, जणू तिथं बघण्यासारखं काही होतं. पिकलेले केस होते, बाकी काही नव्हतं. इतके महिने जो शब्द तोंडात दाबून धरला तो असा भर मांडवात पडला. तो भटारखान्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्याचं 'वेड' झालेलं होतं. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला. नाना खालच्या लाल गालिच्याकडे बघत उभे राहिले. गालिच्यावर भैरूच्या चपला होत्या.

एक माणूस जवळ आला. "मी संपत," तो म्हणाला. "पोरीला येतं का हे?"

"न्हाई. गुठळी होती रक्ताची. डॉक्टरीणबाईंना विचारा."

"म्हंजे खडकीला..."

"दिसला असाल. वळखलं न्हाई."

"मुद्दाम न्हाई?"

"न्हाई."

संपतरावांनी इतका लांब श्वास सोडला की मिशांची टोकं हलली. "अहो मग आधी सांगायचं की, भल्या माणसा! मला वाटलं, आमच्या गावाकडच्या मातीचा वास येतो का काय ह्यांना. झोप उडाली माझी!" आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर हात टाकला. नानांचा मेंदू बिघडला, ही संपतरावांना त्या महिन्यातली सर्वांत सुखाची बातमी होती. डोकं काय, कुणाचंही बिघडतं. मान राहिला होता.

मग एकेक जण पुढं येऊ लागला. नाव सांगून विचारू लागला. "नाना, मी श्यामसुंदर. पेट्रोलपंपावर मी हात केला, तेव्हाबी हेच?" हेच. "मी दीनानाथ. बँकेत?" तेही हेच. लोकांच्या मनातली किल्मिषं धडाधड गळून पडत होती, नाना धुतल्यासारखे स्वच्छ होत चालले होते. तेवढ्यात कुणी एक म्हणाला, "आन् मागच्या निवडणुकीत नमस्कार घेतला न्हाई, ते?" निवडणूक त्या पित्ताच्या बरीच आधी झाली होती. नानांनी मान हलवली. तेही हेच. फार सोपं होतं ते.

गर्दीतून एक म्हातारी वाट काढत पुढं आली. तिच्या हातात आत्यानं आणायची ओटी होती.

"मच्छू, म्या मथुरा."

नानांची थोरली बहीण. खडकीला राहायची, नवरा कारखान्यात होता, तो गेल्यापासून मुलाकडे असे. आज शालूनं स्वतः जाऊन बोलावलं म्हणून आली होती. भावाला आपलं नाव सांगावं लागलं याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. ती हसत होती.

"म्हंजे बंगल्याच्या वास्तुशांतीला बी हेच म्हण की! म्या पिशवी घिऊन फाटकात हुबी. तू बघितलंस आन् पाठ केलीस. तवापास्नंच असंल बघ तुझं हे डोक्याचं. आन् म्या येडी, उगं इतकी वर्सं मनात धरून बसली."

तिनं सगळं उत्तर स्वतःच तयार करून आणलं होतं. नानांनी फक्त मान हलवायची होती. ती एकदा हललीही होती, निवडणुकीसाठी. खांद्यावर संपतरावांचा हात होता. बहिणीला मुद्दाम टाळलं म्हटलं, तर खडकीच्या लग्नात व्याह्याला टाळलं नाही हे कोण मानणार होतं? शालू पाटाजवळ उभी राहून बघत होती. ती शालू आहे हे त्यांना शालूवरून कळत होतं.

"न्हाई अक्का," नाना म्हणाले.

"काय न्हाई?"

"तवा डोकं चांगलं होतं. तवा तुला वळखलं होतं मी. बिल्डर होते संगती. तू बसनं आलेली, घामाघूम. मला... मी पाठ केली."

खांद्यावरचा हात निघाला.

समोरचा चेहरा कुणाचा हे नानांना चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं आणि त्या जागी काय आलं, ते स्पष्ट कळत होतं. ते काम मेंदूत दुसरीकडे चालतं, आणि नानांचं तेवढं अजून उत्तम चालू होतं. त्यांनी नजर खाली घातली.

"ठाऊक हुतं मला," मथुराबाई म्हणाल्या. "तरी म्हणलं, असंल बापडं." आणि त्या ओटी घेऊन शालूकडे गेल्या.

संपतराव गेनबांकडे वळून म्हणाले, "पोरीची आत्या आली न्हवं? बसवा पोरांना. मुहूर्त चाललाय." आवाजात राग नव्हता, लोभही नव्हता. नानांकडे न बघता ते पाटाकडे गेले.

चौघडा पुन्हा सुरू झाला. अंगठ्या झाल्या, पेढे फिरले, आणि त्या दिवशी विश्रांतवाडीला एक नवीन रीत पडली. येणारा-जाणारा नानांच्या खुर्चीपाशी थांबे, मोठ्यानं स्वतःचं नाव, गाव आणि पद सांगे, आणि मग नमस्कार करी. नाना मान वर न करता हात जोडत होते. मान वर का करत नाहीत, असं कुणीच विचारलं नाही. आजारच तसा आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं.